अंदमानच्या जंगलात जायचे कसे?

भर पावसाचे जंगल पाहायला परदेशी जावे लागत नाही. आपल्याच देशात अंदमान बेटे आहेत. मी व माझ्या मामेभावाने नकाशा पाहून तिकडची सहल ठरवली आहे.

पांढरकवड्याहून एस.टी.ने नागपूर. तिथून रेल्वेने चेन्नई, जवळजवळ एक दिवस. पुढे नुसता समुद्र, सुमारे १२०० किलोमीटर. जहाजाला तीन दिवस लागतात. ते पोर्ट ब्लेअरला जाते. २०२४ साली त्या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले. आजी म्हणते, "थे तं काळं पाणी होय. तिथं कैदी नेत. तुले कायले जा लागते?" आजीचे खरे आहे. सावरकरांना १९११ साली तिथल्या सेल्युलर जेलमध्ये नेले होते. जेल आपण आधी पाहू.

अडचण सुटीची आहे. दिवाळीत तिकडे वादळाचे भय. १ मेला निकाल लागतो. लगेच निघालो व जहाज नेमके मिळाले (ते रोज नसते), तर ६ मेपर्यंत पोचू. पण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे पावसाळा लागतो, आपल्या किती तरी आधी. म्हणजे हाती जेमतेम दोन आठवडे.

आपल्या टिपेश्वरच्या जंगलात सागाची पाने उन्हाळ्यात गळतात, दूरचे दिसते. अंदमानचे सदाहरित जंगल बाराही महिने हिरवे व अंधारे असते. गर्जनाची झाडे फार उंच. तिथल्या काही झाडांच्या बुंध्याला भिंतीसारख्या मुळ्या असतात, त्यांचा टेका मिळतो म्हणून झाड पडत नाही. वाघ तिथे एकही नाही. मगर मात्र खाऱ्या पाण्यातही राहते, म्हणून खाडीत उतरायचे नाही. जंगलात जळवा लागतात.

मामेभावाला बाराटांगच्या गुहा पाहायच्या होत्या. तिकडचा रस्ता जारवा लोकांच्या जंगलातून जातो. ते लोक काही शेच उरले आहेत. १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. बाहेरचे आजार त्यांच्या अंगाला सोसत नाहीत. आपला साधा सर्दी-खोकलाही त्यांना भारी पडू शकतो. मामेभाऊ म्हणाला, "आपण गाडीतूनच पाहू." मी म्हटले, आपल्या घरात कोणी खिडकीतून पाहत गेले तर चालेल का? दोन दिवस तो बोलला नाही. मग बाराटांग खोडले. त्याऐवजी शहराजवळच माउंट मणिपूरचे (पूर्वीचे माउंट हॅरिएट) राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पायी फिरता येते.

जळवांसाठी मीठ आई देणार आहे. दोर मात्र बाबा देत नाहीत. म्हणतात, बैलाले लागते.