एका श्वासाचे माप

बोरिवलीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या पाषाणात शंभराहून अधिक गुंफा कोरलेल्या असून, एका गुंफेकडून दुसरीकडे जाण्यासाठी खडकातच पायऱ्या खोदलेल्या आहेत. सहलीला आलेली मुले या पायऱ्या धावत चढू लागतात. वर पोहोचेपर्यंत बहुतेकांची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत असते. चांगला धष्टपुष्ट मुलगा गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो आणि एखादी किरकोळ अंगाची मुलगी तोवर पुढल्या टाक्यातील पाणी पाहावयास गेलेली असते. छातीच्या बाह्य रूपावरून आतील हवेचा अंदाज बांधणे किती कठीण आहे, हे अशा वेळी कळते.

पोलीस भरतीच्या वेळी उमेदवाराच्या छातीभोवती फीत लावून, ती फुगविल्यावर किती सेंटिमीटर वाढते हे पाहतात. परंतु ते घेराचे माप झाले, हवेचे नव्हे. आपण श्वास घेतो तेव्हा फासळ्या बाहेर सरकतात हे खरे. पण त्याहून मोठे काम छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल नावाचा स्नायू करतो. तो खाली दबतो आणि फुफ्फुसांना पसरण्यास जागा मिळते. बाहेर लावलेल्या फितीला ही हालचाल कशी समजणार?

हवेचेच माप घेण्याचे साधन लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी बनविले. पाण्याच्या टाकीत एक भांडे पालथे घालून ते वजनांनी तोलून धरलेले असे. नळीतून फुंकलेली हवा आत शिरली, की भांडे वर उचलले जाई आणि बाजूच्या पट्टीवर आकडा दिसे. या श्वासमापकावर त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला. त्यांत खलाशी होते, आगीचे बंबवाले होते, पोलीस होते आणि मुष्टियोद्धेही होते. १८४६ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. पूर्ण श्वास घेऊन तो पूर्ण सोडला असता जेवढी हवा बाहेर पडते, तिला त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’, म्हणजे जीवनधारिता, असे नाव दिले. छातीच्या घेराशी या मापाचा मेळ बसेना. उंचीशी मात्र तो बसला. पाच ते सहा फूट उंचीच्या माणसांत दर इंचामागे आठ घन इंच, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटर हवा अधिक भरली.

हचिन्सन यांच्याकडे १८४२ साली फ्रीमन नावाचा एक धिप्पाड अमेरिकन मुष्टियोद्धा आला होता. त्याची जीवनधारिता ४३४ घन इंच, म्हणजे सात लिटरांच्या वर भरली. दोन वर्षांनी पुन्हा मोजली, तो आकडा बराच उतरलेला होता. १८४५ साली फ्रीमन क्षयाने वारला. क्षयाची इतर चिन्हे स्पष्ट दिसण्यापूर्वीच श्वासाचे माप घटू लागते, असे हचिन्सन यांचे म्हणणे होते. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तेव्हा अर्धशतक अवकाश होता. त्या काळी वैद्याच्या हाती असा आकडा येणे ही केवढी मोठी गोष्ट होती!

हे माप शाळेतही घेता येते. पाच लिटरांची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्यावी. तीत लिटरच्या मापाने पाणी ओतत जावे व प्रत्येक अर्ध्या लिटरला बाहेरून खूण करावी. बरणी काठोकाठ भरली, की तोंडावर हात दाबून ती पाण्याने भरलेल्या घमेल्यात पालथी धरावी. पाणी खाली सांडत नाही. बाहेरील हवेचा दाब ते तोलून धरतो. आता रबराची नळी बरणीच्या तोंडाखाली सरकवावी, छाती भरून श्वास घ्यावा, नाक चिमटीत धरावे आणि नळीतून सावकाश, अखेरपर्यंत फुंकावे. जितकी हवा आत जाईल, तितके पाणी बाहेर पडेल.

पहिल्या खेपेस पुष्कळजण गाल फुगवतात किंवा नाक धरावयास विसरतात. म्हणून तीन वेळा फुंकून सर्वांत मोठे माप धरावे. रुग्णालयातही असेच करतात. दोन खेपांमध्ये थोडी विश्रांती घ्यावी, नाहीतर घेरी येते. नळीचे टोक प्रत्येकाने स्वतंत्र वापरावे. दम्याचा त्रास असणाऱ्याने मोठ्यांना विचारल्यावाचून फुंकू नये.

बारा वर्षांच्या मुलामुलींचे माप साधारणपणे दोन ते तीन लिटर भरते. प्रौढांचे तीन ते पाच. स्वस्थ बसले असता मात्र प्रौढ माणूस एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा घेतो. उरलेली जागा कान्हेरीच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवलेली असते म्हणा ना! आणि कितीही जोराने फुंकले, तरी प्रौढाच्या फुफ्फुसांत लिटरभर हवा मागे राहतेच. तिच्यामुळे आतील सूक्ष्म वायुकोश मिटून जात नाहीत. ती हवा बरणीत कधीच येत नाही.

मुंबईकरांच्या श्वासाचेही असे माप झाले आहे. १९७० नंतरच्या दशकात केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि शहरापासून दूरचे एक खेडे येथील चार हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. लालबागेत तेव्हा गिरण्यांची धुराडी होती. घाटकोपरच्या शेजारच्या चेंबुरात तेलशुद्धीचे व खताचे कारखाने होते. खारची हवा त्या मानाने बरी होती. दूषित हवेच्या वस्तीत दम लागणे व खोकला यांच्या तक्रारी अधिक आढळल्या. लालबागच्या गिरण्या पुढे बंद पडल्या, पण उपनगरांतून मोटारी व बांधकामाची धूळ वाढली.

बरणीवरील आपली खूण वहीत उतरवून घ्यावी. शेजारी त्या दिवसाची तारीख आणि आपली उंची लिहावी. पुढल्या वर्षी उंची वाढलेली असेल; त्या वेळी हीच बरणी पुन्हा भरावी.