‘अल-अंदालुस’ने निघण्यापूर्वी

दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया या प्रांतातून धावणारी ‘अल-अंदालुस’ ही आलिशान पर्यटन-गाडी १९८५ साली सुरू झाली. सेव्हिलहून निघून हेरेस, काडिझ, रोंडा, ग्रानाडा, उबेदा-बाएसा आणि कॉर्दोबा अशी नगरे दाखवत पुन्हा सेव्हिललाच आणून सोडणारी, सात दिवस आणि सहा रात्रींची फेरी ही तिची सर्वांत परिचित सफर होय. या फेरीविषयी जाऊन आलेल्यांकडून जे ऐकायला मिळते ते बहुधा दोन टोकांचे असते: कोणी तिला आयुष्यात एकदा तरी करावा असा प्रवास म्हणतो, तर कोणी एवढ्या पैशांत स्पेन दोनदा पाहून झाला असता असा हिशेब मांडतो. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गोष्ट आढळते, ती ही की गाडीचा आनंद आणि नगरांचे दर्शन या दोन वेगळ्या गोष्टी असून एकाच तिकिटात त्या सारख्या प्रमाणात मिळत नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वी पुरेसे उमगलेले नसते.

गाडीच्या संथपणाचे कारण रुळांत आहे. स्पेनमधील जुन्या लोहमार्गांच्या दोन रुळांतील अंतर १,६६८ मिलिमीटर असून त्याला आयबेरियन माप म्हणतात, तर १९९२ साली माद्रिद-सेव्हिल मार्गाने आरंभ झालेले अतिवेगवान गाड्यांचे जाळे युरोपात सर्वसाधारणपणे रूढ असलेल्या १,४३५ मिलिमीटर मापावर उभारले गेले. त्यामुळे ‘अल-अंदालुस’चे जुन्या मापाचे डबे त्या नव्या मार्गावर चढूच शकत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी एकेरी व वळणावळणाच्या असलेल्या जुन्या रुळांवरून, इतर गाड्यांना वाट देत, त्यांना पुढे सरकावे लागते. (भारतातील ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे दोहोंत अवघ्या आठ मिलिमीटरांचा फरक; २०१६ साली स्पेनच्या तालगो कंपनीचे डबे दिल्ली-मुंबई मार्गावर चाचणीसाठी धावले तेव्हा ही जवळीक रेल्वेवेड्यांच्या ध्यानात आलीच असेल.) सेव्हिल ते कॉर्दोबा हे अंतर वेगवान गाडी पाऊण तासात कापते. ज्याला केवळ पोहोचायचे आहे त्याने तीच धरावी आणि उरलेले पैसे जुन्या गावातील चांगल्या हॉटेलावर खर्च करावेत, हा सल्ला रूक्ष वाटला तरी प्रामाणिक आहे.

भारतातील आलिशान गाड्यांचा अनुभव असलेल्या प्रवाशाला आणखी एक फरक जाणवतो. १९८२ साली सुरू झालेली ‘पॅलेस ऑन व्हील्स’ असो की महाराष्ट्रातून निघणारी ‘डेक्कन ओडिसी’, त्या प्रामुख्याने रात्री धावतात आणि दिवसा थांबतात. ‘अल-अंदालुस’ मात्र प्रवाशांची झोप मोडू नये म्हणून रात्री एखाद्या स्थानकात उभी असते आणि दिवसाच्या काही तासांत पुढच्या मुक्कामी जाते. चाकांच्या तालावर झोपण्याची हौस बाळगून आलेल्यांचा येथे हिरमोड होतो, तर प्रवासात डोळा न लागणाऱ्यांना हीच व्यवस्था वरदान वाटते. शिवाय गाडीबरोबर रस्त्याने एक बस चालत असते, आणि स्थानकापासून नगरापर्यंत, काही वेळा तर एका नगरापासून दुसऱ्या नगरापर्यंत, प्रवासी त्या बसनेच नेले जातात. उबेदा आणि बाएसा या सोळाव्या शतकातील रेनेसाँस वास्तूंसाठी २००३ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या जोडनगरांना जवळचे स्थानक लिनारेस-बाएसा हे असले, तरी नावातील बाएसा तेथून बरेच दूर आहे. म्हणून सफरीचे माहितीपत्रक हाती पडताच त्यातील प्रत्येक दिवसापुढे कोणता टप्पा रुळांवरचा आणि कोणता रस्त्यावरचा हे पेन्सिलीने लिहून काढावे. रुळांवरच्या तासांची बेरीज बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी भरते. ही बेरीजही कायमची नसते. अतिवेगवान मार्गाच्या कामासाठी ग्रानाडाकडे पश्चिमेहून येणारा जुना मार्ग २०१५ पासून २०१९ पर्यंत बंद होता. मार्ग बदलण्याचा हक्क करारात राखून ठेवलेला असतो तो असल्या प्रसंगांसाठीच.

डब्यांविषयी संचालकांची माहिती अशी की शयनाचे डबे १९२०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बांधले गेले आणि ब्रिटिश राजघराण्यातील मंडळी कॅलेहून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे जाताना ज्या मालिकेतील डबे वापरत त्याच मालिकेतील ते आहेत. लाकडी नक्षीकाम, पितळी मुठी, दिवसा कोच आणि रात्री पलंग होणारी आसने, हे सारे मनोहर आहे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या डब्याची रुंदी कोणत्याही नूतनीकरणाने वाढत नाही. मार्गिकेत समोरून कोणी आल्यास एकाला आपल्या कूपेच्या दारात पाठ टेकवून उभे राहावे लागते, आणि विमानप्रवासासाठी घेतलेली मोठी कडक बॅग कूपेत उघडली की दुसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. यावर उपाय साधा आहे: आठवड्याचे कपडे मऊ, घडी होणाऱ्या पिशवीत घ्यावेत आणि फेरी सुरू होते तेथेच संपत असल्याने मोठे सामान सेव्हिलमधील हॉटेलात ठेवता येईल का, हे आधीच विचारावे. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी डब्याच्या उंच पायऱ्यांची आणि शेकडो मीटर लांबीच्या गाडीत जेवणाच्या डब्यापर्यंत कराव्या लागणाऱ्या चालीची चौकशी कूपे ठरवण्यापूर्वीच करावी.

एवढे असूनही गाडीचा टप्पा सार्थकी लागतो तो डोंगराळ भागात. बोबादिया ते अल्खेसिरास हा रोंडावरून जाणारा मार्ग १८९०च्या दशकारंभी ब्रिटिश भांडवलावर उभा राहिला. ऑलिव्हच्या रांगा, चुनखडीचे उघडे कडे आणि मधूनच दिसणारी पांढरी गावे यांमधून तो रोंडाला पोहोचतो, जिथे ग्वादालेविन नदीच्या घळीवर १७९३ साली पूर्ण झालेला, सुमारे ९८ मीटर उंचीचा नवा पूल उभा आहे. अशा वेळी फोनवरील छायाचित्रे चाळत बसण्याऐवजी बैठकीच्या डब्यातील खिडकी धरावी. तेवढ्या तासांसाठीच हे भाडे दिलेले असते.

सर्वाधिक सावधगिरी ग्रानाडात लागते. अल्हाम्ब्रा हा नसरी घराण्याचा, म्हणजे १२३८ पासून १४९२ पर्यंत ग्रानाडावर राज्य केलेल्या अखेरच्या मुस्लिम राजवंशाचा, गडकोट व राजवाडा असून त्यातील नसरी महालांत प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती वेळ टळली तर बाकीचा गड आणि बागा पाहता येतात, महाल मात्र नाहीत. तिकिटे व्यक्तीच्या नावावर असतात आणि पारपत्राशी ताडून पाहिली जातात. मराठी प्रवाशांची एक खास अडचण येथेच उद्भवते: पारपत्रात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते, आडनाव वेगळ्या रकान्यात असते, काही स्त्रियांचे पारपत्र माहेरच्या नावावर आणि इतर कागदपत्रे सासरच्या नावावर असतात, आणि मधल्या माणसाने घाईघाईत पाठवलेल्या यादीत यांपैकी भलतेच नाव गेलेले असते. एका मध्यस्थाने संपूर्ण गटाची आद्याक्षरे तेवढी कळवल्यामुळे फाटकापाशी मार्गदर्शकाला एकेका पारपत्रासह खुलासा करत बसावे लागले आणि महालाची वेळ जेमतेम साधली, असे घडलेले आहे. नावे पारपत्रातील रकान्यांप्रमाणे जशीच्या तशी लिहून द्यावीत आणि नोंदणीची प्रत परत मागवून ती अक्षरन् अक्षर तपासावी.

आत गेल्यावरही गटाचा वेग आपल्या हाती नसतो. कानात लावलेल्या यंत्रातून मार्गदर्शकाचा आवाज पुढच्या दालनातून येऊ लागतो तेव्हा पाहणारा अजून मागच्या भिंतीपाशी असतो, आणि अल्हाम्ब्रा ही तर भिंतींपाशी थांबण्याचीच वास्तू आहे. कमरेच्या उंचीपर्यंत भौमितिक नक्षीच्या रंगीत फरशा, त्यावर गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी, आणि त्या वेलबुट्टीतच मिसळून गेलेली अरबी अक्षरे असा भिंतींचा थर वर चढत जातो. ईश्वरावाचून कोणी विजेता नाही या अर्थाचे नसरींचे ब्रीद त्यात पुनःपुन्हा येते, आणि एकदा त्या अक्षरांची ओळख पटली की ते जिकडेतिकडे दिसू लागते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या मुहम्मदाच्या काळी बांधलेल्या सिंहांच्या चौकात १२४ सडपातळ खांब आणि बारा संगमरवरी सिंहांवर तोललेले कारंजे आहे. त्या कारंज्याच्या काठावर इब्न झमरक या दरबारी कवीची रचना कोरलेली असून, ज्या राजवाड्यात कविता कागदाऐवजी दगडावर जपली गेली तेथे गटाबरोबर धावणे हा करंटेपणाच म्हणावा लागेल. यासाठी फेरीच्या आधी किंवा नंतर ग्रानाडात दोन रात्री स्वतंत्र राहावे, महालांचे दुसरे तिकीट आपल्या सोयीच्या वेळेचे घ्यावे आणि ते कित्येक आठवडे आधी घ्यावे. संध्याकाळी समोरच्या अल्बायसिन या जुन्या टेकडीवस्तीतून गड पाहावा, मात्र तेथील गोट्यांच्या फरसबंदीवर चपला किंवा नवे बूट घालून चढू नये.

कॉर्दोबात प्रश्न वेळेपेक्षा पूर्वतयारीचा आहे. पहिल्या अब्द अल-रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेली, पुढच्या दोन शतकांत तीनदा वाढवलेली आणि १५२३ पासून जिच्या पोटात कॅथेड्रल बांधले गेले ती महामशीद, आधी काहीच वाचले नसेल तर, लाल-पांढऱ्या कमानींचे एक सुंदर जंगल एवढीच मनात उरते. प्रत्यक्षात तेथील रचनेला कारण आहे. रोमन व व्हिसिगॉथ वास्तूंतून आणलेले खांब आखूड पडत होते, म्हणून खांबावर खांब आणि कमानीवर कमान चढवून छत उंच नेले गेले. हे ठाऊक असले की पाहणारा खांबांचे शिरोभाग न्याहाळू लागतो आणि कोणता भाग आधीचा, कोणता नंतरचा हे त्याला स्वतःच ओळखता येते. कॉर्दोबाच्या खिलाफतीने ९३६च्या सुमारास शहराबाहेर वसवलेली मदिना असाहारा ही राजधानी २०१८ पासून जागतिक वारसा आहे. गाडीच्या एका डब्याला तिचे नाव दिलेले आहे. पण ती प्रत्यक्ष दाखवली जाणार आहे की नाही हे कार्यक्रमात वेगळे तपासावे.

ऋतूच्या निवडीत चूक झाली तर ती कोणत्याही श्रीमंती थाटाने भरून निघत नाही. ग्वादालक्विविर नदीच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जाणे नित्याचे आहे, आणि म्हणूनच अशा सफरी वसंतात व शरदात ठेवलेल्या असतात. वसंतातही ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात सेव्हिलच्या गल्ल्या मिरवणुकांनी अडतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत एप्रिलची जत्रा भरते, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कॉर्दोबातील घरांचे फुलांनी सजलेले अंतर्गत चौक पाहायला गर्दी लोटते. हे सोहळे पाहायचे असतील तर तारखा जुळवून जावे. नसतील तर त्या कटाक्षाने टाळाव्यात.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मराठी प्रवाशाने ‘मांस नको’ एवढे सांगून निर्धास्त होऊ नये, कारण स्पेनच्या स्वयंपाकघरात डुकराच्या मांडीचे खारवलेले काप हे पुष्कळदा चवीपुरते मानले जातात आणि कोशिंबिरीत ट्यूना मासा न विचारता येतो. कॉर्दोबाचे साल्मोरेखो हे टोमॅटो व पावाचे गार, दाट सार मुळात वनस्पतीजन्य असले तरी त्यावर उकडलेले अंडे आणि त्याच मांसाचे तुकडे भुरभुरण्याची पद्धत आहे. ‘अंडे, मासा, मांस यांपैकी काहीही नको, वरून घातलेलेही नको’ असे नोंदणीच्या वेळीच लेखी द्यावे. सेव्हिलचे पालक-छोले आणि वांग्याचे तळलेले काप, ज्यांवर उसाची काकवी ओततात, हे मराठी जिभेला सहज मानवतात. रात्रीचे जेवण नऊच्या पुढे असते आणि जूनमध्ये सूर्यही साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा मधुमेहींनी संध्याकाळच्या खाण्याची सोय जवळ ठेवावी. भाड्यात वाइनचा खर्च धरलेला असतो. न पिणाऱ्याला त्याबद्दल सूट मिळत नाही, आणि एकट्या प्रवाशाला कूपेसाठी जादा आकार द्यावा लागतो.

राहता राहिला कागदपत्रांचा भाग. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना सामाईक असलेला अल्पमुदतीचा प्रवेशपरवाना, यासाठीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याचा पुरावा लागतो. गाडीची जागा मात्र त्याहून कितीतरी आधी भरू शकते. म्हणजे व्हिसा हाती नसताना दर माणशी काही हजार युरोंची रक्कम गुंतवावी लागते. व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम, किती दिवसांत आणि कोणाकडून परत मिळेल, याचे उत्तर मध्यस्थाकडून तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावे, रद्द करण्याच्या अटी मध्यस्थाच्या वेगळ्या आणि रेल्वेच्या वेगळ्या असतात हे ध्यानात ठेवून दोन्ही मागवाव्यात, आणि फेरी संपण्याच्या दिवशीचे परतीचे विमान न घेता सेव्हिलमध्ये एक रात्र मोकळी सोडावी.