संस्थेचे दीर्घायुष्य : कोट्टक्कलच्या आर्य वैद्य शाळेचा अभ्यास

प्रस्तावना

वैद्याच्या निधनानंतर त्याचा दवाखाना बंद पडणे ही गोष्ट आपल्या व्यवसायात इतकी नित्याची झाली आहे की, तिच्याविषयी कोणी फारसा खेदही व्यक्त करीत नाही. परंतु त्या दवाखान्याबरोबर रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी, औषधनिर्मितीतील हातखंडा आणि परिसराचा विश्वास ही तिन्ही लयास जातात. व्यवस्थापन हा केवळ मोठ्या कारखानदारांचा विषय होय, हा समज म्हणूनच हानिकारक आहे. एका वैद्याने स्थापन केलेली संस्था शतकाहून अधिक काळ कशी टिकली, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण चरकोक्त चतुष्पादाच्या आधारे करू.

पार्श्वभूमी

वैद्यरत्नम् पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये मलबारमधील कोट्टक्कल येथे आर्य वैद्य शाळा स्थापन केली. त्या काळी तेथील वैद्य औषधांची यादी लिहून देत आणि काढा रुग्णाने घरी करून घ्यावा, अशी प्रथा होती. द्रव्ये ओळखणे, ती मिळविणे व विधिवत् काढा सिद्ध करणे सर्वांना साधत नसे. वारियर यांनी सिद्ध औषधे उपलब्ध करून दिली. संस्थेच्या व्यवसायाचा उगम असा रुग्णाच्या एका खऱ्या अडचणीत आहे.

१) द्रव्य

चरकाचार्यांनी द्रव्याचे बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना व संपत् असे चार गुण सांगितले आहेत. व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहता पुरेसा साठा, रोगानुरूप उपयुक्तता, विविध स्वरूपांत उपलब्धता आणि उत्तम प्रत असा त्यांचा अर्थ होतो. कोट्टक्कल येथे पुढील काळात काढ्यांना वटीचे स्वरूप देण्यात आले, ते ‘अनेकविध कल्पने’चेच उदाहरण होय. काळानुसार कल्पना बदलली तरी प्रत ढळू द्यावयाची नाही, हे त्यातील मर्म आहे.

२) उपस्थाता

उपस्थात्याच्या ठिकाणी उपचारज्ञान, दक्षता, अनुराग व शौच हे गुण अपेक्षित आहेत. पैकी अनुराग केवळ वेतनाने उत्पन्न होत नाही; त्यासाठी शिक्षण व विश्वास द्यावा लागतो. वारियर यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद पाठशाळा सुरू केली. ज्ञान एका घराण्याच्या मर्यादेत न ठेवता ते शिकविण्याची व्यवस्था त्यांनी केली. आपल्या दवाखान्यात पाठ विशिष्ट प्रकारे कसा सिद्ध होतो हे एकाच व्यक्तीस ठाऊक असेल, तर ती व्यक्ती रजेवर जाताच संस्था आजारी पडते.

३) रोगी

रुग्णाच्या गुणांत ज्ञापकत्वाचा, म्हणजे आपली लक्षणे नीट सांगण्याच्या क्षमतेचा, समावेश आहे. रुग्णाने सांगितलेले लिहून ठेवणे हे मात्र आपले कर्तव्य. दुसऱ्या वैद्यास वाचून चिकित्सा पुढे चालविता येईल, अशी रुग्णपत्रिका ही दवाखान्याची खरी संपत्ती होय. तसेच ज्याला मूल्य देणे शक्य नाही, त्याचाही विचार संस्थेस करावा लागतो. वारियर यांनी १९२४ मध्ये धर्मार्थ रुग्णालय सुरू केले. समाजाचा विश्वास अशा कृतींतूनच दृढ होतो.

४) भिषक् आणि उत्तराधिकार

सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. वारियर यांनी १९३९ मध्ये मृत्युपत्र केले. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यानुसार संस्था धर्मादाय न्यासाच्या स्वाधीन झाली. त्यांच्यानंतर व्यवस्थापक विश्वस्त झालेले पी. माधव वारियर यांचा १९५३ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. संस्थेची खरी परीक्षा येथे झाली. न्यासाची घडी बसलेली असल्याने त्यांचे बंधू पी. के. वारियर यांच्याकडे धुरा आली आणि २०२१ मध्ये शतायुषी होऊन निधन पावेपर्यंत त्यांनी ती वाहिली. आकस्मिक आघातानेही संस्था कोसळली नाही, कारण संस्थापकाने आपल्या हयातीतच तिला स्वतःपासून वेगळे केले होते.

आपल्यासाठी बोध

दवाखान्याची वास्तू वारसाहक्काने मिळते, चिकित्सेचा अधिकार मात्र नोंदणीकृत वैद्यासच असतो. अपत्य या व्यवसायात नसेल, तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. म्हणून :

• घरखर्च व दवाखान्याचा हिशोब प्रथमपासून स्वतंत्र ठेवावा.
• प्रत्येक पाठाची निर्माणविधी, द्रव्यांचे प्रमाण व परीक्षा यांची लेखी नोंद असावी.
• किमान एका सहकाऱ्यास सर्व व्यवहारांची माहिती द्यावी.
• कनिष्ठ वैद्यास रुग्णांच्या परिचयाचे करून द्यावे. विश्वास एका दिवसात हस्तांतरित होत नाही.
• मृत्युपत्र, भागीदारी किंवा न्यास यांविषयी कायदेतज्ज्ञाचा सल्ला प्रकृती उत्तम असतानाच घ्यावा.

उपसंहार

रुग्णास आपण ऋतुचर्या सांगतो, ती रोग होण्यापूर्वी पाळावयाची असते. संस्थेचेही तसेच आहे. उत्तराधिकाराची चिंता वार्धक्यात करू म्हटल्यास ती चिकित्सा ठरते, आणि तीही बहुधा विलंबाने केलेली. कार्य भरभराटीस आलेले असतानाच त्याची पुढील व्यवस्था लावणे हे संस्थेचे स्वस्थवृत्त होय. आपल्या पश्चातही रुग्णास त्याच दारी औषध मिळावे, एवढ्यासाठी तरी ते प्रत्येक वैद्याने पाळावे.