कांदा चिरताना डोळ्यांची काळजी

बुलढाणा जिल्ह्यात लग्नसराई आली की पंगतीसाठी टोपल्याच्या टोपल्या कांदा विळीवर चिरावा लागतो. अशा वेळी डोळे पाणावल्यास बोट कापण्याचा धोका असतो.

कांद्याच्या पेशी फुटताच त्यांतील द्रव्ये एकत्र येऊन डोळ्यांस झोंबणारे गंधकयुक्त द्रव्य तयार होते. त्यास कारणीभूत असलेले विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधून काढले. बोथट पात्याने व घाईने चिरल्यास रसाचे तुषार अधिक उडतात, असे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना २०२५ साली आढळले.

यास्तव विळीस प्रथम धार लावून घ्यावी. कांदा सावकाश चिरावा. वारा बाजूने येईल असे बसावे. कांद्याचा हात डोळ्यांस लावू नये. डोळे झोंबल्यास विळी सोडून हात धुवावेत व मगच डोळ्यांवर पाणी मारावे.