सीतेची आसवं : घरी पेरलेले किडेखाऊ फूल



आपण झाडाला खत घालतो, पाणी घालतो, मग ते वाढते. पण एक झाड असे आहे की ज्याला खत घातले तर ते मरते. त्याचे नाव सीतेची आसवं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया. ते किडे खाते. यंदा मी ते घरी बियांपासून वाढवले. त्याची माहिती मी सांगणार आहे.

हे झाड कुठे असते?

सातारा शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. २०१२ साली ते जागतिक वारसा ठरले. तिथे खडकावर मातीचा पातळ थर आहे. पावसाळ्यात तो ओलाचिंब होतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातो. सीतामाई वनवासात रडली आणि तिची आसवं पडली तिथे ही फुले आली, असे लोक सांगतात. कोकणात आणि घाटात भाताच्या खाचरांच्या बांधावरही यातले काही प्रकार उगवतात. जगात युट्रिक्युलॅरियाचे २०० हून जास्त प्रकार आहेत.

कासची फुले तोडायला किंवा झाडे उपटायला बंदी आहे. म्हणून मी तिथले काही आणलेले नाही. माझी मावशी गगनबावडा तालुक्यात असते. तिने स्वतःच्या शेताच्या बांधावरची वाळलेली बोंडे कागदाच्या पुडीत घालून दिली.

ते किडे का खाते आणि कसे खाते?

पठारावरच्या मातीत नत्र फार कमी असते. पावसाने ते वाहून जाते. नत्राशिवाय झाड वाढत नाही. म्हणून हे झाड नत्र किड्यांकडून घेते.

याला खरी मुळे नसतात. चिखलात दोऱ्यासारखे धागे असतात. धाग्यांना खसखशीएवढ्या बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीला आत उघडणारे दार असते. झाड पिशवीतले पाणी बाहेर काढून टाकते, मग पिशवी चप्प होते. बारीक जीव दारापाशी आला आणि दाराला धक्का लागला की दार उघडते. पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो आणि दार बंद. हे सगळे सेकंदाच्या अगदी बारीक भागात होते. आपली पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आत पाचक रस असतो, त्यात तो जीव विरघळतो. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८७५ साली किडे खाणाऱ्या झाडांवर पुस्तक लिहिले, त्यात या झाडाचीही माहिती आहे.

साहित्य

तळाला भोके असलेला टब, एक परात, धुतलेली वाळू, थोडी तांबडी माती, बी आणि पावसाचे पाणी.

कृती

१) वाळू पावसाच्या पाण्याने चार-पाच वेळा धुवावी. दोन वाटे वाळू आणि एक वाटा तांबडी माती घ्यावी. आपली काळी माती घेऊ नये. ती कसदार असते आणि वाळली की भेगाळते.

२) टब परातीत ठेवावा. परातीत पाणी ओतावे, म्हणजे माती खालून ओली होते. वरून पाणी ओतले तर बी वाहून जाते.

३) बी धुळीसारखे बारीक असते. वारा नसताना ते मातीवर नुसते भुरभुरावे. वर माती टाकू नये, कारण त्याला उजेड लागतो.

४) परातीतले पाणी कधी आटू देऊ नये. सकाळचे ऊन द्यावे. दुपारच्या उन्हात सावली करावी.

५) बोअरचे पाणी घालू नये. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. भांड्याला पांढरा थर धरतो तो त्याचाच. आम्ही पत्र्यावरचे पावसाचे पाणी पिंपात साठवले.

माझी आज्जी रोज म्हणायची, "आगं, जरा शेणखत टाक की! खताबिगर कधी काय उगवतंय व्हय?" मी तिला पिशव्यांचे चित्र काढून दाखवले. मग ती म्हणाली, "म्हंजी हे आपलं आपणच शिकार करून खातंय म्हण की." तेव्हापासून तीच परातीत पाणी बघते.

मी जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बी टाकले. तीन आठवड्यांनी हिरवी टोके दिसली. याचा देठ दोऱ्यासारखा असतो आणि तो गवताला वेढे घेत वर चढतो. म्हणून मी बारीक काड्या रोवल्या. गौरी-गणपती झाल्यावर पहिले फूल आले. सगळी मिळून नऊ फुले आली.

फूल मधमाशीला खाते का?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. उत्तर आहे, नाही. सापळे खाली चिखलात असतात आणि फूल वर हवेत असते. फुलाच्या मागे शेपटीसारखी नळी असते, तिच्यात मध असतो. मध प्यायला मधमाशा आणि फुलपाखरे येतात आणि पराग नेतात. म्हणजे हे झाड खाली शिकार करते आणि वर पाहुण्यांना मध देते.

पराग कसा द्यावा?

आमच्या टबावर मधमाशी क्वचित यायची. हे झाड एकाच पावसाळ्याचे आहे. बी धरले नाही तर पुढच्या वर्षी काहीच उगवणार नाही. म्हणून मी हाताने पराग दिला.

फुलाला वर एक आणि खाली एक असे दोन ओठ असतात. खालचा ओठ हळूच दाबला की आत दोन पुंकेसर दिसतात. खराट्याची काडी टोकदार करून त्यावर पराग घ्यावा आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीला लावावा. यातल्या काही प्रकारांत कुक्षीला स्पर्श झाला की ती मिटते. म्हणून एकदाच आणि हलक्या हाताने लावावे.

पाच फुलांना मी पराग दिला. त्यातल्या चारांना बोंडे धरली. बाकीच्या चार फुलांत एकालाच बोंड आले. बाई म्हणाल्या, एवढ्या थोड्या फुलांवरून नियम सांगता येत नाही, पुढच्या वर्षी जास्त फुलांवर करून बघ. बोंडे वाळल्यावर मी बी कागदाच्या पुडीत ठेवले. प्लॅस्टिकमध्ये ठेवले तर ओल धरून बुरशी येते.

कासला गेलेल्या माणसाने एक फूल तोडले, तर त्याचे बी जाते. तुडवले तरी जाते. म्हणून तिथे गेलात तर वाटेवरूनच चाला.

बियांची अर्धी पुडी मी वर्गाच्या कपाटात दिली आहे. जूनमध्ये शाळेत टब करायचा आहे. पहिल्या पावसात प्रत्येकाने घरून एक बाटली पावसाचे पाणी आणावे.

सांगा पाहू

१) या झाडाला खत का घालू नये?
२) मधमाशी सापळ्यात का सापडत नाही?
३) बी मातीने का झाकू नये?