गावची छोटी वीज आणि कारागिराचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तरीही खेड्यातल्या शिलाई किंवा वेल्डिंगच्या दुकानात ऐन कामाच्या वेळी वीज गेली की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून गावातच वीज तयार करून छोट्या जाळ्यातून घरोघर पुरवण्याची पद्धत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतली पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत २०१२ साली सुमारे ४० घरांसाठी ९.४ किलोवॅटचे सौर केंद्र उभे राहिले. देखभालीसाठी गावचा न्यास नेमून मीटरप्रमाणे बिल घेण्याची पद्धत ठेवली. बिहारमध्ये पश्चिम चंपारणच्या तमकुहा गावी २००७ साली हस्क पॉवर कंपनीने धानाच्या भुशापासून वायू बनवून इंजिन चालवले.

गोंदिया तर राईस मिलचाच जिल्हा! एक क्विंटल धानातून सुमारे २० किलो भुसा निघतो. एका युनिटला दीड ते दोन किलो भुसा धरला, तर क्विंटलमागे निदान १० युनिट वीज होते. मात्र भुसा फुकट समजू नये. बॉयलर आणि वीटभट्टीवालेही तो घेतात, आणि हंगाम सरला की भाव चढतो. वायूतील डांबर काढले नाही तर इंजिन खराब होते. त्यामुळे वर्षभराचा साठा आणि जाणकार मिस्त्री, दोन्ही आधी हवेत.

आता मुख्य हिशेब पाहू. ४० घरांत ९ वॅटचे तीन-तीन दिवे रोज पाच तास लावले, तर साडेपाच युनिटही खपत नाहीत. पण पाच हॉर्सपॉवरची पिठाची गिरणी तीन तास चालली तर सुमारे ११ युनिट लागतात. १०० वॅटच्या मोटारीची पाच शिलाई मशीन आठ तास चालली तर चार युनिट. म्हणजे एक गिरणी आणि पाच शिंपी मिळून ४० घरांच्या दिव्यांच्या जवळजवळ तिप्पट वीज घेतात. शिवाय हे काम दिवसा होते. सौर वीज तेव्हाच तयार होत असल्याने महागड्या बॅटरीचा खर्च वाचतो. नुसत्या दिव्यांवर असे केंद्र तगणे कठीण. ते कारागिराच्या कामावर तगते.

शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात अशी वीज निर्माण करून पुरवण्यास २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १४ नुसार परवाना लागत नाही. तथापि सुरक्षिततेचे नियम पाळावेच लागतात.

गावात कोणी अशी योजना आणली तर चार प्रश्न जरूर विचारावेत. दिवसाचा दर काय? मोटार सुरू होतानाचा जादा भार केंद्र पेलेल काय? बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, आणि किती दिवसांत? सरकारी वीज सुधारली तर आपल्या ठेवीचे काय? उत्तरे लेखी मिळाल्यावरच पैसे भरावेत. आणि एकदा जोडणी घेतली की बिल वेळेवर द्यावे. थकबाकी वाढली की केंद्र बंद पडते, आणि त्याबरोबर आपली मशीनही.