आरोग्यपाठ : अंडे-बटाट्याची सकस न्याहारी

आंबेगावच्या सातगाव पठारावरील बटाटा आणि जुन्नरच्या नारायणगाव बाजारातील टोमॅटो दूरदूरच्या शहरांत जातो. तरी शेतावर वा कामावर निघताना आपल्याकडील अनेकांची न्याहारी चहा-बिस्किटांवरच आटोपते. आजारातून उठलेल्या व्यक्तीस एवढे पुरत नाही. शरीराची झीज भरून येण्यास प्रथिने लागतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. अंड्यात नसलेले 'क' जीवनसत्त्व व पिष्टमय घटक बटाटा पुरवितो.

कृती : दोघांसाठी २ मध्यम बटाटे स्वच्छ धुऊन सालीसकट बारीक चिरावेत. २ चमचे तेलात जिरे, कांदा व हिरवी मिरची परतून त्यात बटाटा, हळद व मीठ घालावे. झाकण ठेवून मंद आचेवर ८ ते १० मिनिटे शिजवावे. चिरलेला टोमॅटो व ४ फेटलेली अंडी घालून, अंडी पूर्ण घट्ट होईपर्यंत हलवावे. भाकरीबरोबर गरम वाढावे.

हिरवट वा कोंब आलेले बटाटे वापरू नयेत. अंडी कच्ची ठेवू नयेत. मधुमेही रुग्णांनी बटाटा निम्मा घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

औषधे रुग्णालयातून मिळतात. अंगात ताकद भरण्याचे काम मात्र घरच्या ताटातूनच होते.